पावलांची दिशा : संगणकीय खेळांसाठी हेडसेट निवडताना

संगणकावरील नेमबाजीच्या स्पर्धात्मक खेळांत पडद्यावर जे दिसते तो त्या खेळातील जगाचा एक तुकडाच असतो. ‘व्हॅलोरंट’ या लोकप्रिय खेळात दृष्टीचा आडवा कोन १०३ अंशांवर कायम केलेला आहे. म्हणजे खेळाडूभोवतीच्या ३६० अंशांपैकी २५७ अंशांत काय चालले आहे हे त्याला दिसतच नाही, आणि भिंतीपलीकडून धावत येणारी पावले, बंदुकीत काडतुसे भरल्याचा खटका किंवा मागच्या बाजूला उघडलेले दार यांची खबर त्याला केवळ कानांनीच लागते. अशा खेळात हेडसेट, म्हणजे बोलण्यासाठी माइक जोडलेला हेडफोन, हा करमणुकीचा पूरक भाग राहत नाही, तर दिशा ओळखण्याचे उपकरण बनतो. त्याची निवडही याच कसोटीवर व्हायला हवी. परंतु खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला मजकूर, मग तो ड्रायव्हरच्या व्यासाचा असो, ‘७.१ सराउंड’चा असो किंवा रंगीत दिव्यांचा, बहुधा या कसोटीविषयी काहीच सांगत नाही.

माणसाला आवाजाची दिशा कळते ती मुख्यतः दोन कानांना ऐकू येणाऱ्या आवाजांतील फरकावरून. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी १९०७ मध्ये या फरकाचे दोन प्रकार स्पष्ट केले. उजवीकडून येणारा ध्वनी उजव्या कानावर आधी पोहोचतो आणि डाव्या कानापर्यंत जाण्यासाठी त्याला डोक्याला वळसा घालावा लागतो; हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असल्यामुळे हा विलंब फार तर ०.६५ मिलिसेकंदाच्या आसपास असतो, आणि तरीही सराव असलेला कान त्याहून कितीतरी लहान, सेकंदाच्या एक लक्षांश भागाइतका फरकही टिपू शकतो. वेळेतील हा फरक खालच्या पट्टीतील, म्हणजे साधारण १५०० हर्ट्झच्या खालील, आवाजांसाठी उपयोगी पडतो. त्याहून वरच्या पट्टीतील आवाजांच्या लहरी आखूड असल्याने डोके त्यांना आडोसा घालते आणि पलीकडच्या कानाला तोच आवाज मंद ऐकू येतो. तेथे जोरातील फरक दिशा सांगतो.

मात्र अगदी समोरून आणि अगदी मागून येणारा आवाज दोन्ही कानांवर एकाच वेळी, सारख्याच जोराने पोहोचतो, त्यामुळे या दोन्ही खुणा तेथे निकामी ठरतात. या ठिकाणी बाह्यकर्णाच्या, म्हणजे कानाच्या पाळीच्या, घड्या आणि वळणे मदतीला येतात. समोरून येणाऱ्या, मागून येणाऱ्या आणि वरून येणाऱ्या ध्वनीतील वरच्या वारंवारता त्या वेगवेगळ्या प्रकारे दाबतात किंवा उठवतात, आणि आयुष्यभराच्या सवयीने मेंदू त्या बदलांचा अर्थ लावतो. तरीही शंका उरली तर माणूस नकळत मान वळवतो. हेडफोन घातल्यावर मान वळवून उपयोग होत नाही, कारण आवाजाचे उगमही डोक्याबरोबरच फिरतात. खेळात हे काम माउस करतो, आणि अनुभवी खेळाडू पावलांचा आवाज ऐकताच दृष्टी किंचित डावी-उजवीकडे हलवतात त्यामागे शत्रू दिसावा एवढाच हेतू नसतो, त्या हालचालीने आवाजाची जागाही पक्की होते.

डोके आणि कान मिळून ध्वनीत हे जे बदल घडवतात ते मोजून त्यांचे गणित मांडता येते, आणि त्या गणिताला ‘एचआरटीएफ’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. खेळातील एखादा आवाज या गणितातून पुढे पाठवला की, केवळ हेडफोनच्या दोन बाजूंमधून ऐकूनही तो मागून किंवा वरून आल्यासारखा भासतो. हे तंत्र नवे नाही. ऑरिअल या कंपनीने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातच साउंड कार्डांतून ‘ए३डी’ या नावाने ते घरगुती संगणकांपर्यंत आणले होते. पुढे ती कंपनी बुडाली आणि हा विषय बराच काळ मागे पडला. ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये ही सोय २०१६ मध्ये आणि ‘व्हॅलोरंट’मध्ये २०२१ मध्ये आली, आणि आता अनेक खेळांच्या ध्वनीविषयक सेटिंगमध्ये ती साध्या बटणाच्या रूपाने आढळते.

या पार्श्वभूमीवर ‘७.१’ या शिक्क्याकडे पाहिले पाहिजे. मुळात ७.१ ही खोलीत ठेवायच्या स्पीकरांची मांडणी आहे. श्रोत्याभोवती सात स्पीकर आणि केवळ घुमणाऱ्या खर्जासाठी एक सबवूफर अशी तिची रचना असते. हेडसेटमधील ७.१ बहुतांशी आभासी असते, म्हणजे खेळाचा आवाज आधी या ठरावीक जागांमध्ये वाटला जातो आणि मग हेडसेटबरोबर येणारे सॉफ्टवेअर त्याचे पुन्हा दोन बाजूंत रूपांतर करते. खेळाला मात्र प्रत्येक पाऊल नेमके कुठे पडले हे मुळातच ठाऊक असते, त्यामुळे खेळाच्या स्वतःच्या एचआरटीएफमध्ये दिशा आणि उंची दोन्ही अधिक काटेकोरपणे येतात. दोन्ही सोयी एकदम चालू ठेवल्या तर दिशेच्या खुणा दोनदा लागू होतात आणि आवाज भोवताली पसरल्यासारखा, धूसर ऐकू येतो. म्हणून खेळात ही सोय असेल तर हेडसेटचे आणि विंडोजचे आभासी सराउंड बंद ठेवून साधा स्टिरिओ निवडावा. चित्रपटांसाठी किंवा जुन्या खेळांसाठी आभासी सराउंडचा उपयोग होतो, परंतु केवळ त्या शिक्क्यापोटी हेडसेटला जास्त पैसे मोजण्याचे कारण राहत नाही. शिवाय प्रत्येकाच्या कानाची घडण निराळी असल्याने सरासरी कानावर बेतलेले हे गणित एखाद्याला चपखल बसते आणि दुसऱ्याला त्यात पुढचे-मागचे कळत नाही, आणि किंमत वाढवून हा भेद मिटत नाही.

मग हेडसेटकडून अपेक्षा काय करायची? पहिली अपेक्षा अशी की, त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींसारख्या असाव्यात. प्रत्येक कपात ड्रायव्हर असतो; चुंबक, तारेचे वेटोळे आणि त्याला चिकटलेला पातळ पडदा यांनी बनलेला हा भाग विजेच्या कंपनांचे ध्वनीत रूपांतर करतो. डावा आणि उजवा ड्रायव्हर यांच्या जोरात थोडी जरी तफावत असली तरी मेंदू तिला दिशेची खूण समजतो आणि समोरचा शत्रू किंचित बाजूला असल्याचा भास होतो. याची परीक्षा सोपी आहे : दोन्ही बाजूंनी सारखाच येणारा, म्हणजे मोनो ध्वनिमुद्रणातील, एकट्या माणसाचा आवाज लावून डोळे मिटावेत, तो डोक्याच्या मधोमध स्थिर राहिला पाहिजे. नंतर हेडसेट उलटा घालून पुन्हा ऐकावे. आवाज आधी एका बाजूला आणि उलटे घातल्यावर दुसऱ्या बाजूला सरकत असेल तर दोष हेडसेटचा आहे, आणि तो परत करण्यास हे कारण पुरेसे आहे.

दुसरी अपेक्षा आवाजाच्या तोलाची आहे. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि जवळजवळ प्रत्येक खोक्यावर हाच पल्ला छापलेला असतो. पण त्या पल्ल्यातील कोणती वारंवारता किती जोराने वाजते हे त्या दोन आकड्यांतून कळत नाही, आणि खरा प्रश्न तोच असतो. ‘गेमिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक हेडसेटमध्ये स्फोट दणदणीत वाटावेत म्हणून खर्ज, म्हणजे बेस, मुद्दाम फुगवलेला असतो. याचा तोटा श्रवणशास्त्रात चांगला ठाऊक आहे : खालच्या पट्टीतील जोरदार आवाज आपल्याहून वरच्या पट्टीतील मंद आवाजांना झाकून टाकतो. पावलांचा ठोका ओळखू येतो तो बव्हंशी त्यातील मधल्या आणि वरच्या पट्टीतील तपशिलामुळे, फरशीवरचा बूट आणि लोखंडी जाळीवरचा बूट यांतील फरकही तेथेच असतो, आणि कान सर्वांत तीक्ष्ण असतो तोही २ हजार ते ५ हजार हर्ट्झच्या टापूत. फुगलेला खर्ज नेमका याच तपशिलावर चाल करून येतो. म्हणून दुकानात ऐकून पाहताना स्फोटाऐवजी पावसाचा, गर्दीचा किंवा तबल्याच्या चाटीचा आवाज लावून त्यातील बारकावे सुटे ऐकू येतात का हे पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते. ड्रायव्हर ४० मिलिमीटरचा आहे की ५० मिलिमीटरचा, यावरून यांपैकी काहीच ठरत नाही. पडद्याची घडण, कपातील मोकळी जागा आणि कानावरची गादी यांचा परिणाम व्यासाहून मोठा असतो.

कपाची पाठ बंद आहे की उघडी, हा निर्णय मात्र घर पाहून घ्यावा लागतो. सेनहायझर या जर्मन कंपनीने १९६८ मध्ये ‘एचडी ४१४’ या हेडफोनने रूढ केलेल्या उघड्या रचनेत कपाची मागची बाजू जाळीदार असते. त्यामुळे ध्वनी कोंडला जात नाही, तो डोक्याच्या बाहेर पसरल्यासारखा वाटतो आणि दिशांचा अंदाज पुष्कळांना अधिक सहज येतो. शांत खोली असेल तर ही रचना उत्तम. परंतु उन्हाळ्यात वरच्या गतीवर फिरणारा पंखा, रस्त्यावरचे भोंगे आणि स्वयंपाकघरातील कुकरच्या शिट्ट्या या जाळीतून विनाअडथळा आत येतात, आणि खेळाचा आवाज तितक्याच सहजपणे बाहेर जाऊन शेजारी अभ्यास करणाऱ्याला किंवा झोपलेल्याला त्रास देतो. मुंबई-पुण्यातील दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या खेळाडूला म्हणूनच बहुधा बंद पाठीचा हेडसेट सोयीचा पडतो. हजारो प्रेक्षकांसमोर होणाऱ्या मोठ्या स्पर्धांत हाच प्रश्न टोकाला जातो. तेथे खेळाचा आवाज कानात घातलेल्या इअरफोनमधून येतो आणि त्यावर घातलेल्या जाड हेडसेटमध्ये एकसारखी खरखर वाजवून प्रेक्षकांचा गलका झाकला जातो, जेणेकरून ओरडण्यातून कोणाला प्रतिस्पर्ध्याचा सुगावा लागू नये.

खरेदीनंतर सर्वांत जास्त तक्रारी होतात त्या जोडणीविषयी, आणि त्यांतील बहुतेक आधी थोडी माहिती असती तर टळल्या असत्या. साडेतीन मिलिमीटरच्या पिनकडे जवळून पाहिले तर तिच्यावर काळ्या वा पांढऱ्या रंगाची कडी दिसतात. तीन कडी असतील तर पिनचे चार भाग पडतात : टोकाकडून पहिला डाव्या कानाचा, दुसरा उजव्या कानाचा, तिसरा सामाईक परतीचा आणि चौथा माइकचा. मोबाइल आणि लॅपटॉपच्या एकाच भोकात ही पिन चालते. डेस्कटॉपवर मात्र बहुधा हिरवे भोक आवाजासाठी आणि गुलाबी भोक माइकसाठी अशी वेगळी सोय असते, आणि तेथे हीच पिन नुसती खुपसली तर आवाज येतो पण माइक चालत नाही. त्यासाठी एकाचे दोन करणारा छोटा स्प्लिटर लागतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत तो सहज मिळतो, आणि माइक ‘खराब’ म्हणून हेडसेट परत करण्याआधी तो लावून पाहणे केव्हाही बरे. घराच्या वायरिंगमध्ये अर्थिंग नीट नसेल तर या जोडणीत बारीक गुणगुण ऐकू येते. अशा ठिकाणी दोष हेडसेटवर ढकलण्याआधी प्लग आणि अर्थिंग तपासावे.

यूएसबी हेडसेटमध्ये संगणकाकडून अंकांच्या रूपात येणाऱ्या आवाजाचे विजेच्या कंपनांत रूपांतर करणारे मंडल तारेत किंवा कपातच असते, त्यामुळे जुन्या संगणकाचे साउंड कार्ड सुमार असले तरी फरक पडत नाही. ध्वनिमुद्रणगृहासाठी बनवलेले २५० ओहमचे हेडफोन मात्र लॅपटॉपच्या जॅकवर फार हळू वाजतात. ओहम हे विजेला होणाऱ्या अवरोधाचे माप असून खेळांसाठीचे बहुतेक हेडसेट ३२ ओहमच्या आसपास असतात आणि त्यांना वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही.

तारेविना जोडणीत दोन भिन्न जाती आहेत आणि विक्रेते त्या दोन्हींना ‘वायरलेस’ म्हणतात, यातून मोठी फसगत होते. पहिल्या जातीत हेडसेटबरोबर स्वतःचे यूएसबी डोंगल येते आणि दोघांमधील संदेशवहन २.४ गिगाहर्ट्झवर, खेळासाठी बेतलेल्या पद्धतीने होते; त्यातील विलंब इतका कमी असतो की खेळताना तो जाणवत नाही. दुसरी जात ब्लूटूथची. तिच्या रूढ पद्धतीत आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद किंवा त्याहूनही उशिरा येतो, म्हणजे ६० हर्ट्झच्या पडद्यावर सहा ते बारा चित्रे पुढे सरकल्यानंतर. याहून गंभीर गोष्ट अशी की, ब्लूटूथमध्ये संगीत ऐकण्याची आणि फोनवर बोलण्याची पद्धत वेगळी आहे. खेळाडूने साथीदारांशी बोलण्यासाठी हेडसेटचा माइक सुरू केला की संगणक दुसऱ्या पद्धतीवर जातो, आणि तिच्यात आवाज टेलिफोनसारखा दबका तर होतोच, शिवाय दोन बाजूंचा एक होतो. दोन बाजूंचा एक झाला की दिशा पूर्णपणे नाहीशी होते. कितीही महागडा हेडसेट असला तरी या क्षणी तो नेमबाजीच्या खेळासाठी निरुपयोगी ठरतो. ‘एलई ऑडिओ’ हे ब्लूटूथचे नवे रूप ही अडचण दूर करू शकते, परंतु त्यासाठी हेडसेट आणि संगणक दोघांतही ती सोय असावी लागते. तोवर स्पर्धात्मक खेळासाठी तार किंवा डोंगल हेच दोन खरे पर्याय होत. तार स्वस्त पडते, तिची बॅटरी उतरत नाही, आणि त्याच किमतीत तारेच्या हेडसेटला बहुधा अधिक चांगले ड्रायव्हर मिळतात. मर्यादित पैशांत निवड करणाऱ्याने तारेचाच विचार करावा हे उत्तम.

माइकबाबत साथीदारांचा विचार आधी यावा, कारण त्याचा दर्जा खेळाडूला स्वतःला कधीच ऐकू येत नाही. हेडसेटमधील माइक बहुधा इलेक्ट्रेट जातीचा असतो. बेल प्रयोगशाळेत गेर्हार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये विकसित केलेले हे तंत्र लहान आकारात आणि अल्प खर्चात स्वच्छ आवाज टिपते. एकदिश माइक, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारा आणि मागचा टाळणारा, पंख्याच्या आणि कीबोर्डच्या आवाजाला बराच आळा घालतो. त्याची दांडी वाकवून टोक ओठांच्या कोपऱ्यापाशी, श्वासाच्या थेट झोताबाहेर ठेवावे. बंद कपांत स्वतःचा आवाज दबून जातो आणि माणूस नकळत ओरडून बोलू लागतो. त्यावर उपाय म्हणून काही हेडसेट माइकमधील आवाज थोडासा बोलणाऱ्याच्याच कानात परत पोहोचवतात. या सोयीला ‘साइडटोन’ म्हणतात, आणि रात्री घरातले झोपलेले असताना खेळणाऱ्यासाठी ती रंगीत दिव्यांपेक्षा कितीतरी मोलाची आहे. संगीतासाठी घेतलेला चांगला हेडफोन घरात आधीच असेल तर त्याला साधा वेगळा माइक जोडणे हा पर्यायही तितकाच योग्य असून, त्यात पैसे बहुधा वाचतातच.

दोन-तीन तासांच्या खेळात वजन आणि दाब यांची परीक्षा होते. अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम हे सर्वसाधारण वजन असले तरी ते हेडबँडवर पसरले आहे की टाळूच्या एकाच ठिकाणी टेकते, यावर त्रास अवलंबून असतो. चष्मा वापरणाऱ्याने तो घालूनच हेडसेट ऐकून पाहावा. चष्म्याची काडी गादीखाली फट पाडते, त्या फटीतून खर्ज निसटतो, आणि कडक गादी असेल तर कानामागे दुखू लागते. कृत्रिम चामड्याची गादी बाहेरचा आवाज चांगला अडवते, परंतु कोकण-मुंबईच्या दमट हवेत आणि घामात तिच्यावरचा पॉलियुरेथेनचा थर भिजत-सुकत सुटू लागतो आणि त्याचे काळे कपचे मानेवर आणि कॉलरवर पडतात. कापडी किंवा मखमली गादी थंड राहते आणि अधिक टिकते, पण आवाज थोडा कमी अडवते. गादी आणि तार बदलता येणारा हेडसेट निवडला तर दोन-तीन वर्षांनी सबंध वस्तू टाकून द्यावी लागत नाही, आणि सुट्या गाद्या मिळतात की नाही ही चौकशी खरेदीपूर्वीच करावी.

या सर्वांत ज्याची भरपाई होऊ शकत नाही असा एकच भाग आहे, तो म्हणजे कान. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी तितकाच वेळ ७५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. डेसिबलचे माप सरळ वाढत नाही. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो, त्यामुळे ९० डेसिबलला प्रौढाचे हेच ४० तास आठवड्याला चार तासांपर्यंत आकसतात. ‘बीएमजे पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पन्नास हजारांहून अधिक लोकांविषयीच्या १४ अभ्यासांच्या आढाव्यात खेळणाऱ्यांच्या कानांवर पडणारा आवाज अनेकदा या मर्यादेच्या जवळ किंवा पलीकडे असल्याचे, आणि गोळीबारासारखे क्षणिक आवाज ११९ डेसिबलपर्यंत गेल्याचे नोंदवले आहे. नुकसान बहुधा होते ते पावले ऐकण्याच्या हव्यासातून : पावले मंद असतात म्हणून खेळाडू आवाज चढवतो, आणि त्याच चढलेल्या आवाजात शेजारी हातबॉम्ब फुटतो. बाहेरचा गोंगाट नीट अडवणारा हेडसेट येथे आरोग्याच्या दृष्टीनेही उपयोगी ठरतो, कारण शांततेत पावले ऐकण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. विंडोजमध्ये काही साउंड कार्डांसाठी मिळणारी ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ ही सोय मंद आवाज वर आणि मोठे आवाज खाली आणून दोहोंतील अंतर कमी करते; तिच्यामुळे कानांवरचा ताण घटतो, परंतु जवळची आणि दूरची पावले जवळजवळ सारख्याच जोराने येऊ लागतात आणि अंतराचा अंदाज चुकतो. त्यापेक्षा खेळाच्या सेटिंगमधील पार्श्वसंगीत पूर्ण बंद करणे, हेडसेटच्या इक्वलायझरमध्ये खर्ज दोन-चार डेसिबलने उतरवणे आणि मग एकूण आवाज साथीदारांचे बोलणे विनासायास कळेल इतकाच ठेवणे, या मार्गाने पावलेही ऐकू येतात आणि त्यांचे अंतरही कळत राहते.